वीज नसलेली सकाळ

सावळीराम टिळ्यांनी जन्मभर कुणाच्या पत्राचं उत्तर राहू दिलं नव्हतं. पंचवटीतल्या छोट्या वाचनालयात ग्रंथपाल असताना फाटक्या पानाच्या तक्रारीलाही ते परतटपाली उत्तर लिहायचे. नवसाबाईचं पत्र मात्र त्यांनी वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. सदरा धुवायला पडला की पत्र दुसऱ्या सदऱ्यात जायचं.

पत्र चार ओळींचं होतं.

‘सावळीरामभाऊंना नमस्कार. तुम्ही लय पुस्तकं वाचली. एवढंच सांगा. माझ्या सड्याच्या पाण्यानं ते गेले का? लोक तसं म्हणतात.’

ते म्हणजे पुंजाराम. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातला, एसटीच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, वाचनालयाचा जुना वाचक. परदेशात माणसं गाडीतच घर थाटून फिरतात, त्यावरचं एक सचित्र पुस्तक सावळीरामांनीच त्याच्या हातात ठेवलं होतं. पुंजारामने ते तीनदा नेलं. तिसऱ्यांदा परत देताना म्हणाला, "भाऊ, ही लोकं घर बरोबर घेऊन फिरतात. मग यांच्याकडे पाहुणे जातात तरी कुठं?" आणि पुढच्याच महिन्यात त्याने भंगारातली एक मिनीबस आणली.

बसमध्ये पलंग आला, ओटा आला, छोटं देवघर आलं. नवसाबाईने दोन अटी घातल्या. चप्पल घालून आत कुणी येणार नाही, आणि गाडी जिथे उभी राहील तिथे दारापुढे रोज सडा-रांगोळी होणार. "घर म्हणता ना? मग घरासारखं वागवा."

त्याच दारापुढे, गंगापूर धरणाच्या काठावर, जानेवारीतल्या एका सकाळी पुंजाराम कोसळला आणि गेला.

सावळीरामांना उत्तर येत नव्हतं. शिवाय ते पुस्तक त्यांनीच दिलं होतं. मग लेखणी उचलायची कुठल्या तोंडाने?

"मामा, खिशात काय आहे?"

प्रतिभा गायधनी त्यांची भाची. आधी विमा कंपनीसाठी अपघातांचा तपास करायची. आता रविवार कारंजाजवळ एका जिन्यावर तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. दर रविवारी ती मामांकडे जेवायला यायची.

"कुठे काय?"

"तिसरा रविवार आहे. वरणाची वाटी उचलायच्या आधी तुमचा हात खिशाकडे जातो. या वयात प्रेमपत्र असेल तर मामीला मी काही सांगणार नाही."

सावळीरामांनी पत्र काढून दिलं. प्रतिभाने ते वाचलं आणि तिचं हसू मावळलं. हात धुऊन तिने पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं. फोन ठेवून ती मामांसमोर मांडी घालून बसली.

"ऐका. त्यांच्या तळहातावर भाजल्याचा डाग होता. डॉक्टर म्हणतात, विजेचा धक्का. पण त्या वेळी तिकडे लोडशेडिंग होतं. वीज कंपनीच्या नोंदीतही तसंच आहे. काठावरच्या एकाही खांबात वीज नव्हती. लाइट आल्यावर वीज खात्याच्या इन्स्पेक्टरने ती बस खांबाला जोडून तपासली. गाडीच्या पत्र्याला कणभरही वीज नाही."

"मग?"

"मग काय, त्यांनी घरी बनवलेल्या इन्व्हर्टरवर खापर फुटलं. मेकॅनिकने आपल्या हाताने मरण जोडलं आणि बायकोने त्यावर पाणी ओतलं. कागद संपला."

सावळीराम गोंधळून म्हणाले, "पण वीज नव्हती, तर ती आली कुठून?"

प्रतिभा त्यांच्याकडे बघतच राहिली. "मामा, अख्खी केस तुम्ही एका वाक्यात मांडलीत. उद्या सकाळी तयार राहा."

दुसऱ्या दिवशी प्रतिभाच्या स्कूटीवर मागे बसून, एक हात टोपीवर आणि एक हात सीटच्या कडीला लावून सावळीराम धरणाच्या काठी पोचले. उतरल्यावर क्षणभर ते कशाला आलोत तेच विसरले. द्राक्षबागांच्या हिरव्या रांगा उताराने थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. पाण्यावर बदकांचे थवे होते. काठावर गवताचं मैदान होतं आणि त्यात कमरेएवढे लोखंडी खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर झाकणाची पेटी. जणू पाणपोया मांडल्या होत्या, फक्त पाण्याऐवजी विजेच्या.

फाटकावर फलक होता: ‘फिरत्या घरांसाठी मुक्काम. चोवीस तास वीज, चोवीस तास पाणी.’

मालक रविराज पुढे आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, डोळ्यांखाली काळं.

"या ताई. या बाबा. पुंजारामकाकांचं फार वाईट झालं. माझा तर धंदाच बसला म्हणा."

"फलकावर चोवीस तास वीज लिहिलंय," प्रतिभा म्हणाली.

"लिहिलं खरं. लोडशेडिंगपुढे कुणाचं चालतं?" तो कसनुसा हसला. "आणि नेमके त्याच दिवशी पेपरवाले यायचे होते, घरगाडीचे फोटो काढायला. काका आंघोळीला पाण्यावर गेलेले. मी बंगल्यावर होतो. आरडाओरडा ऐकला आणि धावलो. काकू दारात सुन्न. आत चहा उतू चाललेला. मीच आत शिरून शेगडीचं बटण बंद केलं, नाहीतर गाडीनंही पेट घेतला असता."

"बरं झालं तुम्हाला सुचलं," प्रतिभा म्हणाली.

बस तिथेच उभी होती. आत जाताना सावळीरामांनी सवयीने वहाणा गवतात काढल्या. आत पायाखाली थंडगार पत्रा लागला. पुंजारामने एसटीतल्यासारख्या लाल अक्षरांत जागोजागी सूचना रंगवल्या होत्या. ‘चप्पल बाहेर.’ ‘धावत्या गाडीत ताक घुसळू नये.’ ‘इन्व्हर्टरवर फक्त दिवा व पंखा. शेगडी लावू नये.’ ‘तीन तारा बघून मगच जोडणी.’ आणि देवघराखाली बारीक अक्षरांत: ‘बाईंच्या परवानगीशिवाय गाडी हलवू नये.’

सावळीरामांना हसू आलं. प्रतिभा मात्र ओट्यावरच्या शेगडीवर वाकली होती. जुनी, तारेच्या वेटोळ्याची शेगडी. उतू गेलेल्या दुधाचे करपलेले थर वेटोळ्याखाली साचले होते.

बाहेर समर्थ उभा होता, खांबांची देखभाल करणारा वायरमन. रविराजने त्याला घरी बसवलं होतं. प्रतिभाचा निरोप मिळाल्यावर तो आला होता.

"मॅडम, माझ्या खांबात दोष नव्हता. आईशप्पथ नव्हता. लोक मला खुनी म्हणतात."

"खांब उघडून दाखव बरं. मामांना कळेल असं सांग. मामांना कळलं की जगाला कळलं."

समर्थने पेटी उघडली. "बाबा, ही तीन भोकं. एका तारेनं वीज गाडीत जाते, दुसरीनं परत येते. तिसरी गाडीच्या पत्र्याला जोडलेली. ती खाली इथं जमिनीत गेलीय, खड्ड्यात कोळसा अन् मीठ घालून पुरलीय."

"तिसरीतून काय जातं?"

"काही नाही जात."

"मग ती कशाला?"

समर्थने डोकं खाजवलं. "राखणीला म्हणा. तिला रोजचं काम नाही. पण कुठं वीज पाझरून पत्र्यात आली, तर ही तिला गुपचूप मातीत नेऊन सोडते. कुणाला कळत पण नाही."

सावळीराम त्या तिसऱ्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले. जन्मभर काही न करता नुसतं जागं राहायचं. कुणाला कळत पण नाही.

मुक्कामात दुसरी एकच गाडी होती, पुण्याहून आलेल्या शुभांगीबाई देवधरांची पांढरी कॅरॅव्हॅन. निवृत्त प्राध्यापिका, एकट्या फिरणाऱ्या. त्यांच्या दारात दोघांनी वहाणा काढल्या.

"अहो, राहू द्या, राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी स्वतः नाही काढत. गुडघे वाकत नाहीत. सकाळी हे बूट चढवले की रात्रीच उतरतात." बुटांचे तळवे बोटभर जाड रबराचे होते.

"सगळ्यांत आधी तुम्ही पोचलात?"

"हो ना. फिरून येत होते. ते दाराशी पालथे पडलेले. बाई आत किंचाळत होत्या. दार अर्धवट होतं. मी कडी धरून ओढलं. तीच कडी. पोलिसांनी मला चारदा विचारलं. मला काहीही झालं नाही, साध्या मुंग्यासुद्धा आल्या नाहीत." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यामुळेच ते म्हणाले की गाडीत वीज नव्हतीच. मी खरं तेच सांगितलं हो. पण त्या बाईंकडे बघवेना मला."

"तुमच्याकडे जनरेटर आहे?"

"आहे छोटा. पण लावला की कानठळ्या बसतात. पक्षी उडून जातात, म्हणून इथे लावतच नाही."

निघताना रविराजच्या द्राक्षबागेच्या कडेला लंकाबाई भेटली. बागेच्या पाण्याचं तीच बघायची.

"बाई, त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"कुठं असणार? बागंत. ठिबकचा कॉक सोडला आन् तिकडनं बोंब ऐकू आली. तशीच पळाले. हिकडं एक नळी निसटलेली, पाणी भळभळा वाहून दोन रांगांचा चिखल. मालक लय वराडले. म्हटलं, तिथं माणूस मेलाय आन् तुम्हाला नळीचं पडलंय."

"मोटर तुम्हीच चालू करता?"

"रोज मीच. त्या दिशी मालक म्हणले, आज खोलीत येऊ नको, मी लावतो."

सावळीरामांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना त्यात काही म्हणजे काहीच दिसलं नाही. प्रतिभा मात्र परतीच्या वाटेवर गाणं गुणगुणत होती. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

नवसाबाई भावाकडे कळवणला जाऊन राहिली होती. तिथे जायचं ठरलं. मला काय बोलायला सुचणार, असं ते दोनदा म्हणाले. प्रतिभाने त्यांचं तिकीट काढूनच ठेवलं होतं.

घर स्वच्छ होतं, भांडी लखलखत होती. पण दारापुढची माती कोरडीठाक, भेगाळलेली. आजूबाजूच्या सगळ्या दारांत सडा होता.

नवसाबाई बाहेर आली. पदर सावरून समोर बसली.

"पत्र पोचलं का, भाऊ?"

"पोचलं, वहिनी."

"मग?"

सावळीरामांनी प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाने सांभाळून घेतलं. "मावशी, त्या सकाळचं सांगाल?"

"काय सांगू, बाई. पहाटं लाइट गेली. हे पाण्यावर गेले. दुनिया थंडीत गरम पाणी घेती, यांना तलाव पायजे. मी सडा टाकला, रांगोळी काढली, मधी कुंकू वाहिलं. आत जाऊन देवाजवळ दिवा लावला, पोथी वाचत बसले. मग लाइट आली. चहा ठेवला. चहाला कढ यायला आन् यांनी दाराला हात घालायला एकच गाठ पडली. तोंडातनं शबूद पण नाय निघाला."

"लाइट आली, हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणले, ती इन्व्हर्टरची असेल, आजी."

"शेगडी गॅसची ना?"

"छ्या! गॅसची टाकी हे गाडीत चढवू द्यायचे नाय. लाइटचीच."

"आणि कुठे यंत्राचा घरघराट?"

"नाय गं. बदकं कलकलत होती, तेवढंच."

ती थांबली. मग सावळीरामांकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी आत होते. पाय उघडे, खाली पत्रा. हातात सांडशी, सांडशीत पातेलं. मला काय बी झालं नाय. हे बाहेर, माझ्या सड्यावर उभे, आन् हे गेले. म्हंजी वीज गाडीत नव्हती. माझ्या पाण्यातच व्हती का नाय? आन् रांगोळी. यांना उचलताना बघितली. मधोमध रेघ गेलेली, सापावाणी. तिला कुणाचा पाय लागू दिला नव्हता मी. तवाच समजले, काय तरी चुकलं माझं."

प्रतिभाची नजर दारापुढच्या कोरड्या मातीकडे गेली.

"भावजय म्हणती, दाराशी पाणी नका टाकू. तिची लेकरं हाईत, तिचं पण बरोबर हाय." नवसाबाईने पदर घट्ट धरला. "तुम्हाला काय कळलं तर तोंडी नका सांगू, भाऊ. तोंडचं वाऱ्यावर जातं. लिहून धाडा. लिहिलेलं चार लोकांना दाखवता येतं."

एसटीत खिडकीशी बसून सावळीराम म्हणाले, "प्रतिभा, मी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं जपली. मला स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नाही."

"वाक्य तुमचं. त्यात घालायचं सत्य मी देते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसपाशी जमले. रविराज, समर्थ, शुभांगीबाई, लंकाबाई. प्रतिभाच्या ओळखीचे फौजदारही साध्या कपड्यांत येऊन झाडाखाली उभे होते. बागेच्या कडेला मोटरची खोली होती. प्रतिभाने रविराजकडे तिची चावी मागितली. त्याने खिसे चाचपले, मग दिली.

ती मामांना घेऊन आत गेली. पंपाची पेटी, जुने पाइप, आणि दारामागे खिळ्याला अडकवलेलं काळ्या वायरीचं मोठं वेटोळं. वायरीच्या एका टोकाला तीन भोकांचा बोर्ड होता. मधल्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळली होती, ती जुनेपणाने सुटून तिचा गोंद वर आला होता.

"मामा, चष्मा लावा. या गोंदाला काय चिकटलंय?"

"पांढरे कण. रेती असेल. आणि हे लाल..." त्यांनी चष्मा पुसला. "हे कुंकू आहे गं!"

प्रतिभाने वेटोळं उचललं आणि बाहेर येऊन गवतावर टाकलं. रविराजने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच पाण्याकडे पाहिलं.

"आता एक प्रयोग. नवसाबाईंच्या प्रश्नासाठी. इथे महिनाभरात कुणी सडा टाकलेला नाही, माती कोरडी आहे. समर्थ, पहार ठोक."

समर्थने हातभर पहार जमिनीत ठोकली. प्रतिभाने पिशवीतून एक छोटा दिवा काढला. त्याची एक तार पहारेला बांधली आणि दुसरी बसच्या दाराच्या कडीला.

"आता लाइट आहे. गाडी खांबाला जोड. आतली शेगडी लाव आणि बाजूला हो."

शेगडी लाल झाली. दिवा पेटला नाही.

"इन्स्पेक्टरने हेच पाहिलं. गाडी निर्दोष. आता खांबावरून काढ आणि मोटरच्या खोलीतून या वायरीने जोड. कुणीही पत्र्याला हात लावू नका. शुभांगीबाई, तुम्हीसुद्धा."

समर्थने वायर ओढत नेली, जोडली, खटका दाबला.

दिवा लागला.

मंद, लालसर, विझत्या निखाऱ्यासारखा. पण लागला. एक तार दाराच्या कडीला, दुसरी नुसत्या मातीत, आणि मधे उजेड. लंकाबाईने हात जोडले. सावळीराम वाकून पहारेच्या बुडाशी पाहू लागले. आपण जिच्यावर चालतो, थुंकतो, नांगर घालतो, ती ही माती. आणि ती विजेला आपलंसं करून परत नेत होती. त्यांनी पहिल्यांदाच पायाखालच्या जमिनीकडे एखाद्या जित्या वस्तूकडे बघावं तसं पाहिलं.

"बंद कर," प्रतिभा म्हणाली. दिवा गेला.

"आता ऐका. मावशी म्हणाल्या, लाइट आली आणि शेगडीवर चहा उकळला. इन्व्हर्टरवर शेगडी चालत नाही, काकांनी स्वतः ते भिंतीवर रंगवलंय. तेव्हा मोठी वीज होती. खांबात नव्हती. जनरेटरची नव्हती, कारण मावशींना बदकांचा आवाज ऐकू येत होता. मग कुठली? लंकाबाईंच्या बागेत त्याच वेळी निसटलेल्या नळीतून पाणी भळाभळा वाहत होतं. म्हणजे मोटर चालू होती."

"अगं बया!" लंकाबाई म्हणाली. "खरंच की. शेतीची लाइन येगळी हाय. गावात नसती तवा आम्हाला असती."

"शेतीची वीज धंद्याला वापरणं गुन्हा आहे. म्हणून ती वायर गुपचूप आली आणि गुपचूप गेली. येताना ती नुकत्या काढलेल्या रांगोळीवरून ओढली गेली. मावशींना साप दिसला तो हा." तिने वायरीला पायाने स्पर्श केला. "हा पाणीपंपाच्या वायरीचा जुना तुकडा आहे. बोर्डाला भोकं तीन आहेत, पण वायरीत तारा दोनच. तिसऱ्या भोकामागे काही नाही."

समर्थने बोर्ड उलटा करून पाहिला आणि डोळे मिटले.

"शेगडी कधीपासून पाझरत होती. दूध उतू जाऊन जाऊन तिची वीज पत्र्यात उतरत होती. इथे मुक्काम पडल्यापासून तीन दिवस खांबाच्या तिसऱ्या तारेने ती मातीत सोडली, कुणाला कळलंही नाही. त्या सकाळी तिसरी तार नव्हती. आपली घरं पायावर उभी असतात. हे घर रबराच्या चाकांवर उभं आहे. पत्र्यात आलेल्या विजेला जमिनीकडे जायला वाटच उरली नाही. ती अख्ख्या गाडीभर दबा धरून वाट बघत राहिली."

"पण नवसावहिनी तर आतच होत्या," सावळीराम न राहवून म्हणाले. "पत्र्यावर, अनवाणी!"

प्रतिभाने वर बोट केलं. मोटरच्या खोलीकडे जाणाऱ्या तारांवर चिमण्यांची रांग बसली होती.

"मामा, त्या का मरत नाहीत?"

सावळीराम बघत राहिले. "कारण... कारण त्या नुसत्या तारेवर आहेत. जमिनीला टेकलेल्या नाहीत."

"मावशी तशाच होत्या. तारेवरची चिमणी. शुभांगीबाईंनी जमिनीवर उभं राहून कडी धरली, पण मधे बोटभर रबर होतं. बूट काढायचा कंटाळा आहे म्हणून त्या आज आपल्यात आहेत. आणि काका?" तिचा आवाज उतरला. "काका घरी आले होते. घरात शिरताना आपण करतो तेच त्यांनी केलं. चपला काढल्या, ओल्या पायाने मातीवर उभे राहिले आणि दाराला हात घातला. पाणी त्यांच्या अंगावर होतं, तलावातलं. सडा नसता तरी हेच झालं असतं. दिवा आत्ता कोरड्या जमिनीवर लागला."

शुभांगीबाई आपल्या बुटांकडे बघत गवतावर खाली बसल्या.

रविराज घाईने म्हणाला, "ही वायर कुणीही ओढली असेल. समर्थकडेही..."

"समर्थकडे या खोलीची चावी नव्हती. त्या दिवशी लंकाबाईंना खोलीत येऊ नको म्हणणारे तुम्ही. आणि रविराज, परवा तुम्हीच म्हणालात की आत शिरून शेगडीचं बटण बंद केलं, नाहीतर गाडी पेटली असती. लोडशेडिंगमध्ये विजेची शेगडी बंद करायला कोण धावतं? ती चालू आहे हे ज्याला माहीत आहे, तोच. आणि आत शिरायच्या आधी तुम्ही वायर काढलीत, कारण तोवर तुम्हाला सगळं कळलं होतं."

रविराज वायरीपाशी उकिडवा बसला.

"पेपरवाले यायचे होते," रविराज शेवटी म्हणाला. "वाटलं, गाडीत दिवे असावेत, चहा वाफाळत असावा. फोटो चांगला येईल. काका असते तर त्यांनी वायर बघितल्याबरोबर फेकून दिली असती. म्हणून ते पाण्यावर गेल्यावर जोडली. मारायचं नव्हतं हो मला. देवाशप्पथ."

"मारायचं नव्हतं, हे मी मानते," प्रतिभा म्हणाली. "पण त्यानंतर एका बाईला स्वतःच्या हाताचं पाणी विष वाटायला लागलं, आणि तुम्ही वायर खिळ्याला अडकवून गप्प बसलात. त्याला काय म्हणायचं ते फौजदारसाहेबांना सांगा."

फौजदार झाडाखालून पुढे आले. रविराजने फाटकावरच्या फलकाकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्याबरोबर गेला. समर्थ तिथेच पहारेला टेकून लहान मुलासारखा रडला. लंकाबाई त्याला म्हणाली, "रडतो कशाला येड्या, सुटलास ना?" आणि स्वतःच पदराने डोळे पुसायला लागली.

घरी येऊन सावळीरामांनी खिशातलं पत्र काढून समोर ठेवलं. चार कागद फाडले. पहिल्यात तारांबद्दलच इतकं लिहिलं गेलं की ते पाठ्यपुस्तक झालं. दुसऱ्यात स्वतःच्या चुकीबद्दल जास्त आणि तिच्याबद्दल कमी. तिसरा आणि चौथा त्यांनाच वाचवेना. पाचवा कागद तेवढा राहिला.

‘सौ.’ लिहायची सवय खोडून त्यांनी सुरुवात केली.

‘नवसावहिनींना सावळीरामचा नमस्कार. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: नाही. तुमच्या पाण्यानं पुंजाराम गेले नाहीत. प्रतिभानं कोरड्या जमिनीवर, माझ्या डोळ्यांदेखत, ते सिद्ध केलं. फौजदार साक्षीला होते. वीज गाडीच्या पत्र्यात होती. मालकानं चोरून दोन तारांची वायर जोडली होती, आणि त्यानं ते कबूल केलं आहे. रांगोळीवरची रेघ त्या वायरीची, सापाची नव्हे. तुम्ही आत वाचलात, कारण तुमचे पाय जमिनीला नव्हते. पुंजारामांच्या कामात हयगय नव्हती. तीन तारा बघून जोडणी, असं त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. ते तिथं असते तर हे झालंच नसतं.

ते पुस्तक मी दिलं होतं. ते नसतं दिलं तर, असं मी रोज म्हणतो. पण त्या गाडीत शिरलो तेव्हा वाटलं, इतकं सुखाचं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

हा कागद ज्यांना दाखवायचा त्यांना दाखवा. आणि दाराशी सडा टाका. माती तुमच्यावर रागावलेली नाही.’

लिहायला लागले तेव्हा संध्याकाळ होती. पाकीट चिकटवलं तेव्हा सकाळ झाली होती. गल्लीत दारोदारी सडे पडत होते. चालता चालता सावळीरामांनी एका अंगणाशी वहाणा हातात घेतल्या आणि ओल्या मातीवरून, रांगोळी चुकवत, अनवाणी पुढे गेले. पायाला गार लागत होतं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी ते थांबले. पत्ता पुन्हा एकदा वाचला: कळवण. मग पाकीट आत सोडलं, आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.